दाखवायचा पेटका

त्याने डोळे घट्ट मिटले, दोन्ही मुठी आवळल्या आणि गादीवर अंग झटकायला सुरुवात केली. ती दारात मोबाइल धरून उभी होती. थोड्या वेळाने तिने मोबाइल खाली घेतला.

"अहो, हे काय? मधमाशी मागे लागल्यासारखं करताय."

"मग कसं करू?"

"येतो तसा करा."

"येतो तेव्हा मी बघत बसतो का?"

ती हसली. त्यालाही हसू आलं. तो कोपरावर रेलून उठला आणि भिंतीला पाठ टेकून बसला. डावा पाय त्याने हाताने उचलून जवळ घेतला. लहानपणच्या तापात तो पाय वाळला होता. त्याच्याबद्दल त्याची कधीच तक्रार नव्हती. पायाला कॅलिपर बांधून, कुबडी घेऊन तो सगळीकडे हिंडला होता. भानगड झाली ती चांगल्या पायाची.

"आधी अंगठा," ती म्हणाली. "उजव्या पायाचा अंगठा आत वळतो. मग पोटरी, मग मांडी. पाठ सगळ्यात शेवटी. तुम्ही एकदम पाठीलाच हात घालताय."

"पाय माझा आहे की तुझा?"

"पाय तुमचा. बघणारी मी."

त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं. अंगठा वळला, पण पोटरी ऐकेना. मांडी हलवायला गेला तर सगळं अंगच हललं. तो थांबला.

"बास. मला सोंग जमत नाही, आणि करायचंही नाही."

"रोज जे होतं तेच करून दाखवायचं. ते सोंग कसं?"

"रोजचं होतं. हे मी करतोय. फरक आहे ना."

त्याने कॅलिपर ओढून घेतला आणि एकेक पट्टा बांधायला लागला. पट्टे बांधताना तो इतका वेळ लावायला लागला की विषय संपला, हे तिला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात गेली.

पेटके सुरू झाले तेव्हा दोघांनाही वाटलं होतं, थंडीचं असेल, जाईल. गेले नाहीत. पोटरीपासून चढत चढत मांडीत, कमरेत, पाठीत जायला लागले. उजवा हातही त्यात ओढला जायला लागला. तो कप आणि ढालींवर नावं कोरायचा. टेबलावर छोटं यंत्र, वर दिवा, समोर चकचकीत पितळ. शाळांच्या शर्यती, बँकांच्या क्रिकेटच्या मॅच, सगळ्यांचे विजेते त्याच्या हाताखालून गेलेले. एका दुपारी एका मोठ्या ढालीवर तो शेवटचं नाव कोरत होता आणि पेटका आला. यंत्राची सुई विजेत्यांच्या नावावरून सरळ खाली उतरली.

दुकानाचा मालक, ज्याला ही दोघं घरात कपवाला म्हणायची, रागावला नाही. "विजेत्यांनाच खोडलंस लेका, उपविजेते पेढे वाटतील," असं म्हणून हसला. ढालीची किंमतही मागितली नाही. "बरा हो आणि ये. काम कुठे पळून चाललंय?" एवढं म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडून एकही कप आला नाही. फोन केला की तो तब्येतीची मनापासून चौकशी करायचा.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त झालं, कणा झाला, डोकं झालं. प्रत्येक कागदावर नॉर्मल. नॉर्मल हा शब्द त्या घरात शिवीसारखा झाला होता. त्याची ताई फोनवर दर वेळी सांगायची, "तू टेन्शन घेऊ नकोस रे." शेवटच्या मोठ्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, फक्त त्यांनी त्याचे पैसे घेतले. बँकेतली ठेव या नॉर्मलमध्येच गेली.

ती हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत होती. दिवसभर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. तो एकदा न्हाणीघरात पडला आणि ती येईपर्यंत तिथेच पडून राहिला, तेव्हापासून ती अर्धाच दिवस जायची. आता सुपरवायझरने सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून पूर्ण दिवस या, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. ती पूर्ण दिवस गेली तर तो एकटा. न गेली तर घरभाडं कुठून द्यायचं?

एकच वाट होती. अपंगांच्या कार्यालयातून मदतनीस भत्ता मिळतो, असं लॉन्ड्रीतल्या कुणी तरी सांगितलं. तो मिळाला तर ती घरी थांबू शकणार होती. पहिला अर्ज परत आला. पाय पूर्वीइतकाच आहे, वाढीव मदतीचं कारण दिसत नाही, असा शेरा होता.

"पाय तोच आहे म्हणे," तो म्हणाला होता. "मी कधी म्हटलं बदलून आणलाय?"

आता दुसऱ्यांदा अर्ज केला होता आणि उद्या तपासणी होती. खरा पेटका मोबाइलमध्ये धरायचा प्रयत्नही तिने केला होता. जे चित्रण होतं त्यात आधी त्याचा पाय दिसायचा, मग चित्र उलटंपालटं व्हायचं, मग नुसता छतावरचा पंखा. त्याला धरायला दोन्ही हात लागायचे, मोबाइल गादीवर पडायचा. पंखा फिरत राहायचा आणि तिचा आवाज यायचा, "सोडा. श्वास सोडा. हं, अजून."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात तो लाकडी बाकावर मुद्दाम अवघडून बसला. एरवी असं बसलं की पेटका हमखास यायचा. ती थोड्या थोड्या वेळाने त्याच्याकडे झुकत होती.

"काही?"

"काही नाही."

"अंगठा?"

"झोपलाय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता. त्याच्या शर्टाची एक बाही कोपराखाली दुमडून पिनेने अडकवलेली होती. त्याने या दोघांचं बोलणं बराच वेळ ऐकलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "काय होतं ह्यांना?"

तिने सांगितलं.

"अरेरे," तो म्हणाला. "माझं सोपं आहे बघा. नाही ते लगेच दिसतं. तुमचं आहे ते दिसत नाही. पंचाईत आहे."

"आम्हीही तेच म्हणतोय," ती म्हणाली.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टर कागदी कपातला गार झालेला चहा पीत होते. तरुण होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी त्याला काका म्हटलं, तपासायच्या पलंगावर चढायला स्वतः हात दिला. वाळलेला पाय पाहिला, मोजला. मग चांगला पाय पाहिला. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय जेवढा उडायला हवा तेवढाच उडाला. पोटरी दाबली, तळव्यावर पेनाचं टोक ओढलं. पाय एखाद्या शहाण्या मुलासारखा वागत होता. तिला त्या पायाचा इतका राग आला की तिने तोंड फिरवलं.

"आत्ता काही होतंय?"

"नाही," तो म्हणाला.

"मोबाइलवर काढलंय म्हणालात ना?"

तिने दाखवलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, मग बराच वेळ पंखा पाहिला. "काकू, ह्यात काही कळत नाही हो."

"मी त्यांना धरत होते ना तेव्हा."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मोबाइल परत दिला. "काका, तुम्ही खाली उतरून खुर्चीवर बसा. मी थोडे प्रश्न विचारतो."

प्रश्न छापील होते. आंघोळीला मदत लागते का? कपडे घालायला? घराबाहेर पडायला? त्याने खरी उत्तरं दिली. काही वेळा तो नाही म्हणाला, तेव्हा तिने "कधी कधी लागते" अशी दुरुस्ती केली. डॉक्टर लिहीत गेले.

"रात्री मदत लागते का?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "रात्री काही त्रास नाही. मला ढाराढूर झोप लागते."

पेन थांबलं. "नक्की?"

"नक्की."

"असं आहे काका, भत्ता दिवसरात्र मदत लागणाऱ्यालाच मिळतो. नियमच तसा आहे. तुम्ही रात्री नाही म्हणालात तर पुढचं सगळं लिहून काही उपयोग नाही. आणि पेटका तर मला दिसलेला नाही."

तो कुबडीच्या रबरी टोकाने फरशीवर एक रेघ ओढत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पट्टे बांधताना असतो तसा झाला होता.

ती उठली. पर्स त्याच्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या आणि छोट्या पायरीवर पाय देऊन तपासायच्या पलंगावर चढली. पलंग कुरकुरला. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर पुढे आल्या.

"अहो बाई, पेशंट कोण आहे?"

"पेशंट हेच. डॉक्टरांना पेटका बघायचाय ना? मी दाखवते."

"उतर गं," तो म्हणाला. "काय चाललंय?"

डॉक्टरही काहीतरी म्हणणार होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

ती उताणी झोपली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला. बाकीची बोटं त्याच्यामागून गेली. पाऊल ताठ झालं, पोटरीवर गोळा आला, गुडघा कुणीतरी खेचल्यासारखा वर आला आणि तिथेच अडकला. डावा पाय तिने जराही हलवला नाही. तो तिने नुसता टाकून दिला होता. मांडी थरथरायला लागली. उजवा हात छातीशी ओढला गेला, मनगट मुडपलं. मग पाठ पलंगावरून उचलली गेली आणि दात आवळलेल्या तोंडातून, नाकातून, एक बारीक हुंकार आला.

तो खुर्चीवर बसून पाहत होता. तो हुंकार त्याला ओळखीचा वाटला. तो आपलाच आहे, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

ती सैल झाली. कपाळावर घाम आला होता. उठून न बसता ती म्हणाली, "हा दिवसाचा."

मग ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून.

"आणि हा पहाटेचा."

"पहाटेचा काय?" तो म्हणाला. "पहाटे काही नसतं."

ती थांबली नाही. पुन्हा अंगठा वळला, पोटरी आवळली, गुडघा वर आला. सगळं तेच होतं. पण या वेळी आवाज नव्हता. तिने चादरीचं टोक ओढून तोंडात घातलं आणि चावून धरलं. एक हात डोक्यावरून मागे नेला आणि पलंगाचा लोखंडी दांडा पकडला. अंग उसळत होतं, दंड थरथरत होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने दांडा मात्र हलू दिला नाही. चढताना कुरकुरलेला पलंग आता अगदी गप्प होता.

डॉक्टर जवळ येऊन उभे राहिले होते. "काकू, हा वरचा हात कशाला?"

तिने तोंडातून चादर काढली. "आमचा पलंग भिंतीवर आपटतो. तो वाजू नये म्हणून धरतात."

"का?"

"मी झोपलेली असते ना."

सिस्टरनी दारावरचा पडदा, सरळच होता तरी, पुन्हा सरळ केला. तो मांडीवरच्या पर्सकडे पाहत राहिला.

पहाटेच्या पेटक्याबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला मिळते तीच काय ती झोप, तेवढी तरी सलग मिळावी, एवढाच विचार होता. आणि आपल्याला ते चांगलं साधलंय, असं त्याला वाटत होतं. कपावर बारीक अक्षर साधतं तसं. सकाळी ती विचारायची, झोप लागली का, आणि तो म्हणायचा, ढाराढूर. मग ती चहा ओतायची.

ती पलंगावरून उतरली आणि चपला शोधायला लागली. एक पलंगाखाली गेली होती. सिस्टरनी वाकून काढून दिली.

डॉक्टरांनी पेन उचललं. "काका, पुन्हा विचारतो. रात्री मदत लागते का?"

त्याने घसा साफ केला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, चपलेचा पट्टा लावत होती.

"लागते," तो म्हणाला. "मागत नाही, एवढंच."

डॉक्टरांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, "तुम्ही दोघांनी सांगितलं ते सगळं मी लिहिलंय. पण पेटका मी स्वतः पाहिला, असं मला लिहिता येणार नाही. मी काकूंचा पाहिला, तुमचा नाही. समितीत कोण कसं बघेल, सांगता येत नाही. मी खोटी आशा लावत नाही."

"नका लावू," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत, बरं झालं."

व्हरांड्यात येऊन ती दोघं त्याच बाकावर टेकली. बस यायला अवकाश होता. दुमडलेल्या बाहीचा माणूस आत गेला होता. इतका वेळ सांभाळलेली पर्स त्याने तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, काही काढलं नाही, परत बंद केली.

"तू जागी असतेस?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"असते."

तो फरशीकडे पाहत राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जपून करत होतात," ती म्हणाली. "मला उठवत नव्हतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी कूस बदलली असती तरी तुम्हाला वाटलं असतं, आपलं फसलं. मग तुम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला असतात. ओळखते ना मी तुम्हाला."

ते खरं होतं. बाहेरच्या खोलीचा विचार त्याने केलाही होता. तो थोड्या वेळाने म्हणाला, "पाठ मात्र तू जरा जास्तच उचललीस."

"तेवढीच उचलते तुमची."

"छे."

"विचारा सिस्टरना."

त्याला हसू आलं. हसता हसता तो कुबडी घेऊन उठायला गेला आणि मध्येच थांबला. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं. चपलेत अंगठा आत वळला होता.

"आला?"

त्याने मान हलवली. कुबडी फरशीवर पडली आणि तिचा मोठा आवाज झाला. तो बाकावर परत बसला, मग आडवा झाला. पोटरी दगडासारखी झाली होती. ती झटकन उठली, डॉक्टरांच्या दाराकडे वळली. दार बंद होतं, पण चार पावलांवर होतं.

"मी बोलावते त्यांना. आत्ता बघतील. धरून ठेवा जरा, मी आलेच."

तो बोलू शकत नव्हता. त्याने तिच्या कुर्त्याची बाही पकडली. ती एक पाऊल पुढे गेली होती, तिथेच थांबली. दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग ती त्याच्या उशाशी बाकावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी त्याचा वर आलेला गुडघा दाबून धरला.

"सोडा. श्वास सोडा."

रांगेतली माणसं उठून उभी राहिली होती. एक बाई पाण्याची बाटली घेऊन पुढे आली आणि काय करावं न कळून तशीच थांबली. त्याने दात आवळले होते. पाठ उचलली जायला लागली. ती त्याच्या कानाशी वाकली.

"इथे कुणी झोपलेलं नाही," ती म्हणाली. "ओरडा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचं तोंड उघडलं.

"आई गं!"

आवाज व्हरांडाभर गेला. त्याला स्वतःलाच तो ऐकून आश्चर्य वाटलं असावं, कारण क्षणभर तो गप्प झाला. मग पुन्हा ओरडला, आणखी मोठ्याने, आणि मग पुन्हा.

"हं," ती म्हणत होती. "ओरडा. अजून. मी आहे ना."

तिच्या मागे दार उघडल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही.